शाळेतील बोलका ध्वनिवर्धक : महाग घ्यावा की स्वस्त?

(येडशी, जिल्हा धाराशिव परिसरातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



शाळेसाठी एखादी वस्तू विकत घेताना तीन प्रश्न विचारण्याची जुनी व चांगली रीत आहे. ही वस्तू कोणत्या कामासाठी हवी? तेच काम याहून कमी खर्चात होईल काय? आणि ती बंद पडली तर शाळेचे काम अडेल काय? फळा, घड्याळ, नकाशे, तराजू या वस्तू घेताना मुख्याध्यापक हे प्रश्न सहज विचारतात. परंतु वस्तू नवी असली, तिचा गाजावाजा झालेला असला आणि एखादा सद्गृहस्थ ती देणगी म्हणून देऊ करीत असला, की हे प्रश्न मागे पडतात. बाजारात ज्याला ‘स्मार्ट स्पीकर’ म्हणतात, त्या बोलक्या ध्वनिवर्धकाविषयी असेच होण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते पाहू. त्याच्या आत एक लहान ध्वनिवर्धक, आवाज टिपणारी काही सूक्ष्म साधने आणि इंटरनेटशी जोडणी करणारा भाग असतो. ठरावीक नावाने हाक मारली की यंत्र जागे होते. पुढे उच्चारलेला प्रश्न ते इंटरनेटद्वारे कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे पाठविते. तेथे आवाजाचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो, उत्तर तयार होते आणि ते परत येऊन यंत्रातून ऐकू येते. यातील मुख्य गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रश्नाचे उत्तर टेबलावरच्या डबीत नसते, ते दूरच्या संगणकात असते. एकाच कंपनीची स्वस्त डबी व महाग डबी यांच्यामागे उत्तर देणारी यंत्रणा एकच असते. ‘बारा साते किती?’ या प्रश्नाचे उत्तर दोन्ही डब्या ८४ असेच देतील. अधिक पैसे मोजल्याने उत्तर अधिक शहाणे होत नाही.

मग अधिक पैसे कशाचे मोजावयाचे? त्यासाठी किमतींकडे वळावे लागेल. ॲमेझॉन कंपनीने ही यंत्रे २०१७ साली भारतात आणली. त्या वेळी ‘एको डॉट’ या लहान यंत्राची किंमत ४,४९९ रुपये, ‘एको’ची ९,९९९ रुपये आणि ‘एको प्लस’ची १४,९९९ रुपये होती. गूगल कंपनीने २०१८ साली ‘होम मिनी’ ४,४९९ रुपयांस आणि ‘होम’ ९,९९९ रुपयांस विकावयास काढले. ॲपल कंपनीच्या ‘होमपॉड’ची दुसरी आवृत्ती २०२३ साली भारतात आली, ती ३२,९०० रुपयांस. शिवाय हे यंत्र प्रथम सुरू करण्यासाठी त्याच कंपनीचा फोन किंवा टॅब्लेट जवळ असावा लागतो. सणासुदीच्या विक्रीत किमती खालीवर होतात. तरीही लहान यंत्राच्या दुप्पट मधले आणि त्याच्या तिप्पट मोठे, असा चढ साधारणपणे राहतो.

हे आकडे शाळेच्या जमाखर्चाशेजारी मांडले म्हणजे त्यांचा खरा अर्थ कळतो. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १०,००० रुपये आणि १०० पर्यंत पट असलेल्या शाळेस २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान धरलेले आहे. त्यातील किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावयाचा असतो. उरलेल्या रकमेतून खडू, किरकोळ दुरुस्त्या, विजेचे देयक आणि अध्यापनाचे साहित्य भागवावयाचे असते. वस्तीवरील लहान शाळेने ४,४९९ रुपयांचे यंत्र घेतले तरी वर्षाच्या अनुदानाचा जवळजवळ निम्मा भाग त्यात गेला. ३२,९०० रुपयांचे यंत्र म्हणजे तर त्या शाळेचे तीन वर्षांहून अधिक काळाचे अनुदान होय. चुकलेल्या खरेदीचा भार अखेर मुलांवरच पडतो. गोष्टीची पुस्तके येत नाहीत, फुटलेली खिडकी तशीच राहते.

महाग यंत्रात ग्राहकाला प्रामुख्याने मिळतो तो अधिक चांगला नाद. २०२० च्या ‘एको डॉट’मध्ये सुमारे ४ सेंटीमीटर व्यासाचा एकच ध्वनिवर्धक आहे. त्याच वर्षीच्या ‘एको’मध्ये सुमारे साडेसात सेंटीमीटरचा खर्जाचा ध्वनिवर्धक आणि तार स्वरांसाठी दोन लहान ध्वनिवर्धक आहेत. गाणे ऐकताना हा फरक कोणाच्याही कानाला कळेल. तबल्याची जोडी लहान यंत्रातून ऐकली तर चाटीचे बोल स्वच्छ ऐकू येतात, परंतु डग्ग्याचा घुमारा हरवतो. मोठ्या यंत्रात तो भरून येतो. संगीत हाच ज्याचा हेतू आहे आणि घरातील एका शांत खोलीत जो ऐकत बसणार आहे, त्याने यासाठी अधिक पैसे मोजले तर ते वाया गेले असे म्हणता येणार नाही.

प्राथमिक वर्गाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे मुख्यतः बोलणे ऐकावयाचे असते. बोलण्यातील शब्द ओळखू येतात ते खर्जामुळे नव्हे, तर मधल्या व वरच्या कंपनांमुळे. ‘काट’ आणि ‘खाट’, ‘ताट’ आणि ‘थाट’ यांतील भेद व्यंजन सुटतानाच्या क्षणिक श्वासात असतो. तो श्वास ऐकू आला नाही, तर खर्ज कितीही भरदार असला तरी मूल ‘खाट’ ऐवजी ‘काट’च लिहील. तेव्हा खर्जासाठी मोजलेल्या जादा पैशाचा श्रुतलेखनास फारसा लाभ होत नाही.

दुसरी अडचण अंतराची व गोंगाटाची. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. यंत्रापासून १ मीटरवर बसलेल्या मुलाला जेवढा आवाज मिळतो, त्याहून १२ डेसिबल कमी आवाज ४ मीटरवरच्या मुलाला मिळतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भर घालतो. पण तो मागाहून येत असल्याने पहिल्या शब्दावर दुसरा चढतो आणि स्पष्टता कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गखोलीतील मूळ गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा आणि आवाज घुमण्याचा काळ ०.६ सेकंदाच्या आसपास असावा, असे सुचविले आहे. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असता किंवा महामार्गावरून मालमोटारी धावत असता ही मर्यादा कितीतरी ओलांडली जाते. येडशीहून सोलापूरकडे व छत्रपती संभाजीनगराकडे जाणारा रस्ता रात्रंदिवस वाहता असतो. रस्त्यालगत ज्यांचा वर्ग भरतो त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

यावर उपाय आहे आणि तो विनाखर्चाचा आहे. यंत्र शिक्षकाच्या टेबलावर न ठेवता मुलांना त्याच्याभोवती गोलाकार बसवावे. यंत्र त्यांच्या कानांच्या उंचीवर राहील असे पाटावर ठेवावे. दारे-खिडक्या रस्त्याच्या बाजूने लोटून घ्याव्यात. एका वेळी दहा-बारा मुलांचा गट करावा. स्वस्त यंत्र जवळ ठेवून ऐकलेले, महाग यंत्र दूर ठेवून ऐकलेल्यापेक्षा अधिक स्पष्ट असते. यंत्राला प्रश्न विचारतानाही हाच नियम लागू आहे. सगळा वर्ग एकदम ओरडला तर महागातले महाग यंत्रही गोंधळते. एकच मूल, एकच प्रश्न, स्पष्ट उच्चार, हे पथ्य पाळावे. हे पथ्य पाळण्यातच भाषाशिक्षणाचा अर्धा लाभ आहे.

तिसरा प्रश्न भाषेचा. येडशीच्या दुसरीच्या वर्गातील मुलाला प्रश्न सुचतो तो मराठीत, आणि तोही आपल्या गावच्या बोलीत. ॲमेझॉनच्या ‘ॲलेक्सा’ला भारतात आरंभी इंग्रजीच कळत असे. २०१९ साली हिंदीची भर पडली. गूगलच्या सहायकाला २०१८ साली मराठी समजू लागली, ती भ्रमणध्वनीवर. म्हणून खरेदीपूर्वी दुकानातच मराठीत पाच प्रश्न विचारून पाहावेत. यंत्र मराठी ऐकून मराठीत उत्तर देत नसेल, तर ते इंग्रजीच्या तासाचे साधन आहे, सर्व विषयांचे नव्हे, असे समजून त्याची किंमत ठरवावी. इंग्रजीच्या तासाला त्याचा उपयोग निश्चित आहे. उच्चार पुनःपुन्हा ऐकविण्यास ते कंटाळत नाही, आणि चुकलेल्या मुलाला कोणी हसत नाही.

चौथी गोष्ट टिकाऊपणाची. चांगल्या बांधणीची वस्तू महाग असली तरी अखेर स्वस्त पडते, हा अनुभव नांगराच्या फाळाबाबत व सायकलीबाबत खरा आहे. परंतु ज्या वस्तूचा मेंदू दुसऱ्याच्या घरी आहे, तिच्या बाबतीत तो पुरा पडत नाही. हारमन कार्डन या नामांकित कंपनीने २०१७ साली ‘इन्व्होक’ नावाचा महाग बोलका ध्वनिवर्धक बाजारात आणला. त्यामागे मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘कॉर्टाना’ हा सहायक होता. २०२१ साली ती सेवा त्या यंत्रावरून काढून घेण्यात आली. यंत्र धडधाकट होते, नाद उत्तम होता, पण त्याला प्रश्न विचारण्याची सोय संपली. उरला तो केवळ फोनला जोडावयाचा साधा ध्वनिवर्धक. अशा वस्तूत जितके अधिक पैसे गुंतवावे, तितका धोका मोठा.

वीज व इंटरनेट यांचाही हिशेब येथेच करावा. घरगुती वापराची ही यंत्रे बहुधा भिंतीतील विजेवरच चालतात, त्यांत बॅटरी नसते. वीज गेली की स्वस्त व महाग दोन्ही सारखीच मुकी होतात. इंटरनेट तुटले तरी तीच अवस्था. याउलट बॅटरीवर चालणारा साधा ब्लूटूथ ध्वनिवर्धक हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. तो शिक्षकाच्या फोनला जोडला की फोनमध्ये साठविलेल्या कविता, गोष्टी व पाढे वीज नसतानाही वर्गाला ऐकविता येतात. इंटरनेट असेल तेव्हा त्याच फोनला मराठीत प्रश्न विचारता येतो आणि उत्तर ध्वनिवर्धकातून सर्वांना ऐकू येते. म्हणजे बोलक्या ध्वनिवर्धकाचे बहुतेक काम फोन व साधा ध्वनिवर्धक ही जोडी करते, तेही मराठीत. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर बाहेरगावी जाऊन परतलेल्या मुलाला चुकलेले पाठ पुन्हा ऐकवावयाचे असतील, तर झाडाखाली नेता येणारे हे साधन अधिक सोयीचे.

यावर कोणी विचारील, मग बोलक्या ध्वनिवर्धकाने शाळेत काहीच साधत नाही काय? तसे नाही. काही वर्षांपूर्वी अमरावती जिल्ह्यातील वरुड येथील जिल्हा परिषद शाळेत एका शिक्षकाने ‘ॲलेक्सा’चे यंत्र एका पुतळ्यात बसविले. त्या प्रयोगाची वृत्तपत्रांतून चर्चा झाली. खेड्यातील मुले पुतळ्याशी बोलू लागली, प्रश्न विचारू लागली. या प्रयोगात मोलाची गोष्ट कोणती होती? यंत्र तर दुकानात कोणालाही मिळते. परंतु डबीशी बोलण्यास बिचकणारे मूल बाहुलीशी मोकळेपणाने बोलेल, हे ज्या शिक्षकाने ओळखले, त्याची कल्पकता दुकानात मिळत नाही. महाग यंत्र घेऊन ते कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्या शाळेपेक्षा, स्वस्त यंत्राला साडी नेसविणारी शाळा पुढे जाते.

या विषयाला महाराष्ट्रात एक जुना आणि भक्कम आधार आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोता मंडळांचा प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० खेडी त्यासाठी निवडण्यात आली. (धाराशिव जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तो त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला.) प्रत्येक गावी श्रोत्यांचे एक मंडळ असे. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा करीत, शंका आकाशवाणीला कळवीत आणि जमेल ते गावात करून पाहत. ऐकणे, चर्चा करणे आणि कृती करणे हे त्या योजनेचे सूत्र होते.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. तुलनेसाठी दोन प्रकारची आणखी खेडी घेण्यात आली होती. काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि काहींत रेडिओही नव्हता. ज्या गावी मंडळ होते तेथील लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. ज्या गावी नुसता रेडिओ होता तेथे वाढ अगदी थोडी होती. कार्यक्रम तोच होता, भाषाही तीच होती. फरक एवढाच की एका ठिकाणी ऐकून झाल्यावर माणसे एकत्र बसून बोलत होती आणि दुसऱ्या ठिकाणी बोलत नव्हती.

या निष्कर्षापुढे ४,४९९ आणि ३२,९०० यांतील वाद लहान होतो. यंत्राचा मोठेपणा मुलाला शिकवीत नाही. यंत्र थांबल्यानंतर वर्गात जे होते ते शिकविते. वीस मिनिटांच्या श्रवणानंतर वीस मिनिटांची चर्चा ज्या शाळेत होते, त्या शाळेला स्वस्त साधन पुरते. ज्या शाळेत ती होत नाही, तिला कोणतेही साधन पुरणार नाही.

येडशीच्या मुलांसाठी अशा तासाचा एक नमुना सांगता येईल. गावाजवळ रामलिंगाचे देवस्थान आहे. त्याच्या भोवतीचे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. जटायूने रावणाशी झुंज दिली ती याच जागी, अशी कथा या भागात सांगितली जाते. तिसरी-चौथीच्या मुलांनी आदल्या दिवशी ही कथा घरी आजी-आजोबांकडून ऐकून यावी. वर्गात फोनला किंवा यंत्राला रामलिंगाविषयी प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावे. मग चर्चा करावी. आजीने सांगितले ते यंत्राने सांगितले काय? यंत्राने सांगितलेले आजीला ठाऊक होते काय? दोघांत फरक पडला तर खरे कसे शोधावे? शेवटी मुलांनी आपल्या शब्दांत दहा ओळी लिहाव्यात. यंत्राचे उत्तर चुकीचे वा अपुरे निघाले तरी हा तास फुकट जात नाही. उलट, आत्मविश्वासाने बोलणारा प्रत्येक आवाज खरे बोलतोच असे नाही, हा धडा मुलांना लहान वयात मिळतो. त्याचे मोल पुढे फार मोठे आहे.

सावधगिरीची एक बाब राहिली. हाक ऐकण्यासाठी हे यंत्र सदैव कान उघडे ठेवते आणि मुलांचा आवाज कंपनीकडे जातो. अमेरिकेत २०२३ साली मुलांच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणांबाबत ॲमेझॉनवर सरकारने कारवाई केली आणि कंपनीने २५ दशलक्ष डॉलर भरण्याचे मान्य केले. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानली आहे. या बाबतीतही महाग व स्वस्त असा भेद नाही. तास संपताच यंत्र बंद करावे, मुलाचे पूर्ण नाव किंवा घरचा पत्ता त्याच्यापुढे उच्चारू नये, आणि पालकसभेत या साधनाची माहिती अवश्य द्यावी.

सारांश, पुढील सूचना शाळांनी विचारात घ्याव्यात.

१. प्रथम शिक्षकाचा फोन व साधा ब्लूटूथ ध्वनिवर्धक यांवर एक सत्र काम करून पाहावे. त्यात ज्या कामाची उणीव भासेल ते लिहून ठेवावे.

२. ती उणीव खरोखरच बोलक्या ध्वनिवर्धकाने भरून निघणारी असेल, तर सर्वांत लहान यंत्र घ्यावे. ज्या मुलाला दृष्टीची अडचण आहे, त्याला केवळ बोलून माहिती मिळविता येते, हा त्याचा मोठा उपयोग आहे. तेथेही लहान यंत्र पुरते.

३. संगीत किंवा स्नेहसंमेलन यांसाठी मोठा नाद हवा असल्यास शाळेचा किंवा गावचा साधा ध्वनिवर्धक जोडून घ्यावा. तारेने जोडण्याची सोय यंत्रात आहे काय, हे खरेदीपूर्वी पाहावे. ‘एको डॉट’च्या तिसऱ्या व चौथ्या आवृत्तीत ती होती, पाचवीत नाही.

४. ग्रामस्थ महाग यंत्र देणगी देऊ इच्छित असतील, तर त्यांचे आभार मानून शाळेच्या गरजांची यादी नम्रपणे पुढे ठेवावी. एका ३२,९०० रुपयांत एक लहान यंत्र, एक साधा ध्वनिवर्धक आणि उरलेल्या रकमेत गोष्टीच्या पुस्तकांचे कपाट भरता येते. देणगीदाराचे नाव त्या कपाटावर अधिक काळ टिकेल.

५. प्रत्येक श्रवणपाठाच्या टाचणात ऐकण्याइतकाच वेळ चर्चेसाठी राखून ठेवावा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्या चर्चेत मुलांनी विचारलेले प्रश्न वाचून दाखवावेत.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्र किती रुपयांचे आहे हे खरेदीच्या नोंदवहीत कळते. त्याचा उपयोग किती झाला हे मात्र मुलांच्या प्रश्नांवरून कळेल. ते प्रश्न जपून ठेवावेत आणि पुढील वर्षीची खरेदी त्यांना विचारून ठरवावी.